बुडालेल्या मालकाच्या दारातली रांग

१९८२ सालचा डिसेंबर. मुंबईतल्या गिरण्यांचा संप अकरा महिन्यांचा होत आला होता. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापुढे त्याच सुमारास एक निराळाच प्रश्न होता: कंपनी गुंडाळायला निघाली, तर तिच्या कामगारांना न्यायालयात बोलू द्यायचे की नाही? १० डिसेंबरला ३ विरुद्ध २ मतांनी ‘बोलू द्यायचे’ असे ठरले. हयात कारखान्यात घालवलेल्या माणसाला हा साधा हक्कही तोवर मागून घ्यावा लागत होता.

बोलता आले, पण पैशांचे काय? जमीन, यंत्रे, माल सगळे बँकेकडे तारण. ते विकून बँक आपली थकबाकी वळती करून घेई. उरले तर कामगारांना. १९८५च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात ५२९-अ हे कलम घातले आणि कामगारांची देणी तारणधारक बँकेच्या पंगतीला बसवली. रक्कम अपुरी पडली, तर दोघांनी आपापल्या प्रमाणात तोटा सोसायचा. कामगाराकडे गहाणखत नसते, त्याच्याकडे केलेले काम असते. ते कायद्याने तारणाइतकेच मोलाचे मानले. या साऱ्या काळातली ही सर्वांत न्याय्य दुरुस्ती म्हणायला हवी.

हक्क आला, पण विक्रीच होईना. आजारी उद्योगांसाठी नेमलेल्या मंडळापुढे, म्हणजे बीआयएफआरपुढे, प्रकरण गेले की वसुली थांबायची. वर्षे उलटत, यंत्रे गंजत.

बँकांच्या हाती मग एकेक हत्यार येत गेले: १९९३मध्ये कर्जवसुली न्यायाधिकरणे, २००२मध्ये न्यायालयाची पायरी न चढता तारणाचा ताबा देणारा सरफेसी कायदा. तरी एक दावेदार पुढे उभाच होता, तो म्हणजे सरकार. थकलेल्या विक्रीकराचा मालमत्तेवर पहिला बोजा, असे मुंबई विक्रीकर कायद्याचे ३८-क कलम सांगे, आणि २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बँकांच्या हक्कापेक्षा वरचढ ठरवले. लिलावात जागा घ्यावी आणि तिच्यावर कराचा बोजा निघावा, हा घोर नको म्हणून सरफेसीत २६-ई कलम आले. ते २४ जानेवारी २०२०पासून लागू झाले. नोंदणी केलेल्या तारणाचा हक्क आता कराच्या पुढे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात त्याच वर्षी मे महिन्यात सहकारी बँकांनाही सरफेसी लागू असल्याचे पक्के झाले.

आणि तरीही गुंता सुटला नाही. ३० ऑगस्ट २०२२ रोजी जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बँक आधी, कर नंतर असा निकाल दिला. बरोबर आठवड्याने, ६ सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने रेनबो पेपर्स प्रकरणात गुजरातच्या करखात्याला दिवाळखोरी संहितेखाली तारणधारकाचा दर्जा दिला. कायदे वेगवेगळे असले, तरी कर्जाची फाइल हाताळणाऱ्याने कोणता क्रम धरायचा? जुलै २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच रेनबोचा निकाल त्या प्रकरणापुरता असल्याचे सांगून टाकले.

सरकार आणि बँका यांच्या या ओढाताणीत कामगारांची जागा मात्र आक्रसली. २०१६च्या याच दिवाळखोरी संहितेचे ५३वे कलम त्यांना अजून तारणधारकांच्या बरोबरीने बसवते, पण फक्त २४ महिन्यांच्या देण्यांपुरते. हे महिने मोजायचे कंपनी मोडीत काढायच्या प्रक्रियेच्या प्रारंभापासून मागे. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी निधी त्या रांगेबाहेर ठेवले आहेत, एवढाच आधार. मे २०२३मध्ये मोझर बेअर कंपनीच्या कामगारांनी देण्यांच्या या क्रमाला दिलेले आव्हान फेटाळले गेले.

जेट एअरवेजकडे पाहिले की या मोजणीचा अर्थ कळतो. १७ एप्रिल २०१९ रोजी तिचे शेवटचे उड्डाण झाले. २१ मे रोजी नेदरलँड्समधल्या न्यायालयाने तिला दिवाळखोर ठरवले, जूनमध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणाने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. एका कंपनीच्या मालमत्तेवर दोन देशांत दावे. २०२१मध्ये नवा खरेदीदार मंजूर झाला, पण ठरलेले पैसे पूर्ण आलेच नाहीत. अखेर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. तिथून २४ महिने मागे गेले, तर हिशेब नोव्हेंबर २०२२पाशी थांबतो. विमाने तोवर साडेतीन वर्षे जमिनीवरच होती.