उधारीचे पंचेचाळीस दिवस
अहिल्यानगरच्या नागापूर एमआयडीसीतला छोटा वर्कशॉपवाला मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवतो. नफा वहीत दिसतो, पण पगाराच्या दिवशी खाते रिकामे. दुखणे नफ्याचे नाही, अडकलेल्या उधारीचे. 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचे बिल, माल स्वीकारल्यापासून लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत चुकते करावे लागते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ! मात्र आधी सरकारची ‘उद्यम’ नोंदणी हवी. ती फुकट होते. एजंटाला पैसे कशाला? निव्वळ व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. खरी अडचण भिडेची: गिऱ्हाईक तुटेल म्हणून मालक तगादाच लावत नाही. निदान बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख तरी छापून घ्यावी.