तडा कुणाच्या हाताचा?

भोसरीच्या एका कारखान्यात मी नवाच लागलो होतो. ७०७५ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमचा एक महागडा ब्रॅकेट मोडला. आर्गन वेल्डिंग करणारे मिस्त्री म्हणाले, ‘साहेब, हा माल वेल्ड घेत नाही.’ मी ऐकले नाही. वेल्ड देखणा पडला, पण रस गोठता गोठता मधोमध केसासारखी चीर उमटली. तीनदा केले, तीनदा तेच. अहवालात मी लिहिले, ‘कारागिराची चूक.’ त्यांची त्या वर्षीची पगारवाढ गेली.

चूक धातूच्या स्वभावाची होती, आणि माझी. या जातीचे मूळ रूप १९३६ साली जपानच्या सुमितोमो कंपनीत जन्मले आणि ‘झीरो’ लढाऊ विमानांत गेले. ताकद साध्या पोलादाहून सरस, वजन त्याच्या जवळपास तिसरा हिस्सा. हे बळ येते ते जस्त, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्यामुळे, आणि घातही तेच करतात. वितळलेला रस निवताना अ‍ॅल्युमिनियमचे लांबट कण आधी घट्ट होतात. ही मिसळण मात्र त्यांच्या फटींत पातळ पापुद्र्यासारखी शेवटपर्यंत द्रव राहते. धातू आकसतो, कण ओढले जातात, पापुद्रा फाटतो. विमानाच्या अंगावर वेल्डऐवजी रिव्हेटच्या रांगा दिसतात, त्याचे एक मोठे कारण हेच.

२०१९ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शाओचुन ली आणि सहकाऱ्यांनी फिलरच्या तारेतच टायटॅनियम कार्बाइडचे नॅनोकण मिसळले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! या कणांमुळे अ‍ॅल्युमिनियमचे दाणे लांबट न वाढता बारीक, गोलसर झाले, फटींतल्या मिसळणीची ठेवणही बदलली आणि चीर पडली नाही. जोडाची ताकद ३९२ मेगापास्कलपर्यंत गेली. नंतर उष्णताप्रक्रिया केल्यावर ५५१ पर्यंत. अर्थात ही प्रक्रिया म्हणजे भट्टी आली, आणि विमानाचा अख्खा पंख कोणत्या भट्टीत घालणार, हा प्रश्न उरतोच.

हे वाचले आणि मी मिस्त्रींचे गाव शोधत गेलो. जुन्या अहवालाचा विषय काढला, माफी मागितली. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नॅनोकणांची हकिकत मात्र त्यांनी दोनदा सांगायला लावली. मग चष्मा पुसत म्हणाले,

‘साहेब, तो फिलर किलोला कितीला पडतो?’