घरच्या विजेचा जमाखर्च (लेखांक चौथा) : दर आणि मुदत

गेल्या आठवड्यात आपण वीजबिलातील स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि वीज शुल्क या रकमांची फोड पाहिली. त्यांपैकी बहुतेक रकमा ज्या एका आकड्यावर उभ्या असतात, तो महिन्याच्या युनिटांचा आकडा मात्र बिलात एकगठ्ठा येतो; त्यातील किती भाग पाणी तापविण्यात गेला, किती पंख्यांनी घेतला आणि किती कोणाच्याही ध्यानी न येता खर्ची पडला, याचा तपशील तेथे नसतो. तो ज्याचा त्यानेच लावावयाचा असतो, आणि त्यासाठी लागणारे साधन घरोघरी मीटरच्या रूपाने आधीपासूनच बसविलेले आहे.

विजेच्या मोजदादीचा प्रश्न विजेच्या विक्रीइतकाच जुना आहे. एडिसनने आपल्या आरंभीच्या ग्राहकांसाठी जी योजना केली, तीत जस्ताच्या पट्ट्या एका द्रावणात बुडवून ठेवीत, ठराविक मुदतीने त्या बाहेर काढून तोलीत आणि वजनात पडलेल्या फरकावरून आकारणी करीत; ग्राहकाला स्वतः वाचून रुजवात घालता येईल असे त्या यंत्रात काहीच नव्हते. १८८९ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील ओटो ब्लाथी या अभियंत्याने प्रत्यावर्ती प्रवाह मोजणारे प्रवर्तन मीटर सिद्ध केले, आणि पुढे शतकभर जी फिरती तबकडी घरोघरी दिसत राहिली, ती याच तत्त्वावर चालणारी होती. एक वेटोळे विद्युद्दाबाचे, दुसरे प्रवाहाचे. त्या दोहोंच्या संयुक्त प्रभावाने तबकडी फिरे, तिचा वेग त्या क्षणी खर्च होणाऱ्या शक्तीच्या प्रमाणात असे, आणि तिच्या फेऱ्यांची बेरीज म्हणजेच युनिटांचा आकडा होई.

आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरात तबकडीची जागा एका बारीक लाल दिव्याने घेतली आहे. दर युनिटास तो किती वेळा लुकलुकतो, ती संख्या मीटरच्या दर्शनी भागावर छापलेली असते. अनेक मीटरांवर ती ३२०० असते. ५ मिनिटांत अशा मीटरचा दिवा ४० वेळा लुकलुकला, तर तासाला ४८० लुकलुकी झाल्या. ४८० भागिले ३२०० म्हणजे ०.१५ किलोवॅट, अर्थात १५० वॅट इतकी शक्ती घर त्या वेळी घेत आहे. एखादे उपकरण सुरू करण्यापूर्वी आणि सुरू केल्यानंतर, मध्यंतरी घरात दुसरे काहीही चालू-बंद होऊ न देता, अशी गणना केली, तर दोहोंची वजाबाकी ही त्या उपकरणाची खरी भूक होय.

परंतु ही भूक म्हणजे खर्च नव्हे. सावकारी हिशेबात व्याज जसे दर आणि मुदत या दोहोंनी मिळून ठरते, तसाच विजेचा खर्चही वॅट आणि तास यांच्या गुणाकाराने ठरतो. १००० वॅट १ तास चालले म्हणजे १ युनिट. आपल्या मनात दराची जितकी धास्ती असते, तितकी मुदतीची नसते, आणि गृहस्थाचा अंदाज बहुधा येथेच चुकतो. २००० वॅटचा गीझर अर्धा तास तापला की १ युनिट होते, आणि त्याबद्दल घरात बोलणीही होतात. उलट जुन्या धाटणीचा ७५ वॅटचा पंखा रात्रंदिवस मिळून १८ तास फिरला, तर १.३५ युनिट घेतो आणि त्याला कोणी बोल लावीत नाही. त्याच्या जागी ३० वॅटचा नवा बीएलडीसी पंखा बसविला, तर तोच वारा ०.५४ युनिटात मिळतो. ३० दिवसांचा फरक २४ युनिटांहून अधिक भरतो, आणि तो केवळ एका पंख्याचा.

मुदतीचे सामर्थ्य याहूनही स्पष्ट दिसते ते रात्री, सारे दिवे-पंखे बंद करून मीटरसमोर उभे राहिल्यावर. दिवा तरीही लुकलुकत असतो, कारण टीव्हीचा डबा, इंटरनेटचा राउटर आणि भिंतीत खोचून ठेवलेले चार्जर यांचा कारभार अहोरात्र चालूच असतो. अवघी १० वॅटची अशी अखंड मागणी महिन्याला ७.२ युनिटे होते. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, त्यापुढे आणखी चढते, अशी टप्पेवारी आहे. म्हणून वाचविलेले प्रत्येक युनिट वजा होते ते आपण गाठलेल्या सर्वांत महाग टप्प्यातून. ३०५ युनिटे जाळणाऱ्या घराने ही ७ युनिटे वाचविली, तर तिसऱ्या टप्प्यात त्याला पाऊलच ठेवावे लागत नाही.

या रीतीला एक उपकरण मात्र सहजी वश होत नाही, आणि ते म्हणजे फ्रिज. त्याचा कॉम्प्रेसर आपल्या मर्जीने थांबतो व सुरू होतो, त्यामुळे ५ मिनिटांची गणना कधी फार जास्त दाखविते, कधी जवळजवळ शून्य. अंगावर कोरलेले वॅट २४ तासांनी गुणावेत, तर आकडा अवास्तव फुगतो. त्याचा हिशेब दीर्घ मुदतीच्या नोंदींवरूनच लावावा लागतो, आणि तो पुढील लेखांकाचा विषय आहे. तोवर वाचकांनी मीटरचा आकडा रोज रात्री निजताना आणि सकाळी उठताच वहीत टिपून ठेवावा. फ्रिजचा वाटा आपण त्या वहीतूनच काढणार आहोत.