बालाघाटच्या माथ्यावर भूगोलाचा तास



'जलविभाजक' ही व्याख्या मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. धाराशिव जिल्ह्यात मात्र ती चालत शिकवता येते.

जलविभाजक म्हणजे काय? ज्या उंच भागाच्या दोन बाजूंना पडलेलं पाणी वेगवेगळ्या नद्यांना मिळतं, तो भाग. आपली बालाघाटची रांग गोदावरी आणि भीमा यांची खोरी वेगळी करते. तेरणा आपल्याच जिल्ह्यात उगम पावते, तेरवरून पुढे मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. नळदुर्ग किल्ल्याजवळची बोरी मात्र भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. गोदावरी आणि कृष्णा शेवटी बंगालच्या उपसागरालाच जातात. माथ्यावर हातभर अंतराने पडलेल्या दोन थेंबांचा प्रवास किती वेगळा, बघा!

मुलांना डोंगर म्हटलं की सुळका आठवतो. बालाघाट तसा नाही. लाव्हारसाचे थर साचून झालेला हा बेसाल्ट; माथा सपाट, कडेला पायऱ्यांसारखे उतार. कळसूबाई १६४६ मीटर, तर तुळजापूर साधारण ६५० मीटर. त्यामुळे उतार कुठे बदलला ते चटकन कळत नाही. ओघळी बघाव्या लागतात.

माथ्यावर काय करून घ्याल?

१. बाटलीतलं थोडं पाणी ओतून ते कुठे वळतं ते बघा.
२. जवळची ओघळ कोणत्या ओढ्याला, ओढा कोणत्या नदीला मिळतो, ते वहीत काढा.
३. माती बोटांनी मोजा. माथ्यावर मुरूम, खाली काळी माती असं का, ते विचारा.

हिवाळ्यातली सकाळ उत्तम. प्रत्येकाकडे पाणी आणि टोपी हवीच. ढग गडगडले तर माथा लगेच सोडा, पक्क्या इमारतीत जा. एकट्या झाडाखाली मुळीच थांबू नका.

आता खरा मुद्दा. माथ्यावरच्या गावाला वरून पाणी आणून देणारी नदी नसते. पडेल तोच पाऊस आणि अडवू तेवढंच पाणी आपलं. समतल चर, बांध, झाडं ही कामं माथ्यापासून पायथ्याकडे का करायची, हे मुलांना इथे उभं राहिल्यावर सांगावं लागत नाही.

घरी एकच प्रश्न द्या: आपल्या अंगणातलं पाणी कोणत्या नदीला जातं? उत्तर शोधायला पालकांनीही सोबत निघावं.