मुलग्यांची अग्रत्वचा : एका समजुतीचा मागोवा

मुलगा जन्मतो तेव्हा त्याच्या शिश्नाची अग्रत्वचा आतल्या मुंडाला चिकटलेली असते. गर्भात दोन्ही एकाच पेशीस्तराने सांधलेली असतात. जन्मानंतर या सांध्यातल्या पेशी झडतात, त्यांचे पांढरे मऊ कण साठतात आणि कातडी आपोआप सुटी होत जाते. टोकाचे अरुंद तोंडही वाढीबरोबर सैल होते. काहींत हे दोन-तीन वर्षांत घडते, काहींत वयात येईपर्यंत चालते. हा क्रम वैद्यकाला उमगायला बराच काळ लागला.

आयुर्वेदातील प्राचीन ग्रंथ सुश्रुतसंहितेने क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ मानलेल्या रोगांच्या वर्गात, अग्रत्वचेचे विकार नोंदवले. निरुद्धप्रकश या विकारात अग्रत्वचेचे तोंड आवळून लघवीची धार बारीक होते. त्यावर तूप माखलेली लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी घालावी आणि दर तीन दिवसांनी ती अधिक जाड घ्यावी, असा उपचार आहे. अवपाटिका या विकारात कातडी फाटते आणि ती बळाने मागे सारणे हे त्याचे एक कारण दिले आहे.

महाराष्ट्रातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या कुटुंबांत जन्मानंतर आठव्या दिवशी सुंता होते, मुस्लिम कुटुंबांतही तो धर्मविधी आहे. इतर घरांत अग्रत्वचा तशीच राहते. तिथे तेल लावताना किंवा आंघोळ घालताना ती मागे ओढायलाच हवी, या समजुतीने ओढण्याची सवय मात्र अनेकांना असते.

१९४९ मध्ये ब्रिटनच्या डग्लस गेर्डनर यांनी दाखवले, की नवजात मुलांपैकी जेमतेम ४ टक्क्यांचीच कातडी पूर्ण मागे जाते. तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकांची सुटते, हा त्यांचा अंदाज घाईचा ठरला. १९६८ मध्ये डेन्मार्कच्या याकोब ऑस्टर यांना सहा-सात वर्षांच्या ६३ टक्के शाळकरी मुलांत कातडी कुठे ना कुठे चिकटलेली आढळली. सोळा-सतराव्या वर्षी हे प्रमाण ३ टक्क्यांवर आले होते. १९९० च्या दशकात खऱ्या आवळलेपणावर स्टिरॉइडचे मलम वापरात आले आणि अनेकांची शस्त्रक्रिया टळू लागली.

चिकटलेली कातडी बळाने मागे ओढल्याने तिला चिरा पडतात, व्रण धरतो आणि निरोगी कातडी खरोखरच आवळू शकते. म्हणून बाहेरून पाण्याने धुणे पुरेसे आहे. लघवीला त्रास, वारंवार सूज, टोकाला पांढरा कडक व्रण दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. मागे गेलेली कातडी अडकली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. एरवी मुलाच्या कातडीला तिचा वेळ द्यावा.