गोधडीवरचे नाव

मंडळी, आज एका अगदी साध्या वस्तूविषयी बोलायचे आहे. ती वस्तू म्हणजे गोधडी. कोणी तिला वाकळ म्हणतात. नाव कोणतेही असो, आपल्या वर्धा जिल्ह्यात तिला न ओळखणारे घर शोधूनच काढावे लागेल. पेटीत, फळीवर, नाहीतर बाजेच्या पायथ्याशी ती घडी करून ठेवलेली असते. पाहुणा आला, की आपण ती लपवतो आणि बाजारातली चादर पुढे करतो.

आता तुम्ही म्हणाल, एम. ए. झालेल्या माणसाला बोलायला दुसरा विषय सुचला नाही काय? पण मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. भिंत रचणाऱ्याला आपण गवंडी म्हणतो, कापड विणणाऱ्याला विणकर म्हणतो, दागिना घडवणाऱ्याला सोनार म्हणतो. मग गोधडी शिवणारीला काय म्हणतो? माय म्हणतो, आजी म्हणतो. नात्याने हाक मारतो आणि मोकळे होतो. तिच्या हाताला कारागीर म्हणावे, तिच्या नजरेला कलावंताची नजर म्हणावे, हे आपल्या मनातही येत नाही.

हा प्रश्न मला सुचला तो आपल्याकडच्या गोधडीवरून नव्हे, तर सिद्दी बायकांच्या गोधडीवरून. सिद्दी म्हटले, की शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला मुरुड-जंजिऱ्याचा किल्ला आठवतो. इतिहासाची थोडी अधिक आवड असेल, तर मलिक अंबर आठवतो. आफ्रिकेतल्या इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. पुढे तो निजामशाहीचा वजीर झाला. त्याने खडकी गाव वसवले, तेच नंतर औरंगाबाद म्हणून ओळखले गेले. १६२६ साली तो वारला. ही झाली मोठ्या माणसांची गोष्ट. पण आफ्रिकेतून या देशात आणलेली सगळीच माणसे वजीर किंवा किल्लेदार झाली नाहीत. पोर्तुगिजांनी कित्येकांना गुलाम म्हणून गोव्यात आणले. त्यांच्यातले काही जण मालकाचे घर सोडून पळाले आणि सह्याद्रीच्या जंगलात शिरले. त्यांचे वंशज आज कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांत राहतात. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातही त्यांची वस्ती आहे. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. घरात ते कोकणीच्या वळणाची बोली बोलतात, आणि तिच्यात कानडी व मराठी शब्द सहज मिसळलेले असतात. २००३ साली उत्तर कन्नडमधल्या सिद्दींची नोंद अनुसूचित जमातींत झाली.

या लोकांजवळ जमीन थोडी, पैसा त्याहून थोडा. पण त्यांच्या घरात एक गोष्ट अशी आहे, की ती पाहायला परदेशातून अभ्यासक आले. ती गोष्ट म्हणजे त्यांची गोधडी. ते तिला कवंदी म्हणतात.

कवंदी कशी शिवतात, ते नीट सांगतो. घरातल्या भगिनींना ते लगेच समजेल. खाली जुनी सुती साडी अंथरायची, तेच अस्तर. वर जोडायला जुन्या कपड्यांचे तुकडे. परकराचा काठ, सदऱ्याची बाही, पोराच्या चड्डीचे कापड, जे हाती येईल ते. आधी रेघा आखायच्या नाहीत, कागदावर नमुना काढायचा नाही, चौकटीवर कापड ताणायचे नाही. शिवणारी बाई एका कडेपासून सुरुवात करते. तुकड्याची कड आत मुडपते, धावदोरा घालते, पुढचा तुकडा ठेवते. कडेकडेने फिरत फिरत ती मध्याकडे येते. टाके इतके जवळजवळ असतात, की सगळ्या कापडावर पाण्यासारख्या बारीक लाटा उठतात. काही ख्रिस्ती बायका मध्येच क्रूस शिवतात, काही मुसलमान बायका चंद्रकोर शिवतात. शेवटी चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांना त्या 'फुला' म्हणतात. फुला लागल्याशिवाय कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत.

इथे जरा थांबून विचार करा. थंडी वारायला फुलांची गरज आहे काय? मुळीच नाही. फुला नसली, तरी कवंदीची ऊब तेवढीच राहील. मग डोळे दुखेपर्यंत काम केल्यावर तिने आणखी चार तुकड्यांना घड्या का घालाव्या? माझ्या मते त्या चार कोपऱ्यांत एक मोठी गोष्ट सांगितलेली आहे. मला नुसती थंडीच वारायची नाही, माझे घर मला सुंदरही करायचे आहे, आणि ते कसे दिसावे हे मी ठरवणार, असे ती बाई म्हणत असते. ज्यांच्या पूर्वजांना काय नेसावे, कुठे निजावे, हेही दुसऱ्याने सांगितले, त्यांच्या लेकीसुनांनी असे म्हणणे ही लहान गोष्ट नाही.

आता आपण समुद्र ओलांडून अमेरिकेत जाऊ. वाट मात्र आपल्याच जिल्ह्यातून जाते. हिंगणघाटचा कापूस एकेकाळी नावाजलेला होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत उत्तरेचे आणि दक्षिणेचे युद्ध पेटले. दक्षिणेचा कापूस बंदरातच अडकला. विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून त्यांचे डोळे हिंदुस्थानाकडे वळले, आणि आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. तो अडकलेला कापूस कोणी पिकवला होता? आफ्रिकेतून आणलेल्या काळ्या गुलामांनी. म्हणजे त्यांच्या आणि आपल्या शेतांची गाठ तेव्हाच पडली होती, फक्त एकमेकांची तोंडे कोणी पाहिली नव्हती.

१८६५ साली अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली. पण जमीन मालकाचीच राहिली. अलाबामा राज्यात नदीच्या एका वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथले काळे लोक त्याच मळ्यावर बटाईने कापूस करत राहिले. कित्येकांचे आडनावही मळ्याच्या जुन्या मालकाचेच आहे, पेटवे. कर्ज तर पाचवीलाच पुजलेले. १९३२ साली त्यांना उधारीवर माल देणारा व्यापारी वारला, आणि त्याच्या घरच्यांनी वसुलीसाठी गुरेढोरे, अवजारे, साठवलेले धान्यसुद्धा उचलून नेले. हे ऐकताना आपल्याकडच्या शेतकऱ्याला निराळे समजावून सांगायला नको.

या वस्तीतली घरे लाकडी फळ्यांची असत. फटींतून वारा यायचा, म्हणून भिंतींवर वर्तमानपत्रांची आणि मासिकांची पाने चिकटवत. आणि निजायला गोधड्या, एकावर एक घातलेल्या. त्यांचे तुकडे शेतात घालून विरलेल्या कपड्यांचे. गुडघ्याजवळ फिके पडलेले, खिसा उसवला तिथे मात्र गडद राहिलेले. बायकांनी ती फिकी आणि गडद कापडे अशी मांडली, की बघणाऱ्याची नजर खिळून राहावी. त्यांच्या एका नमुन्याचे नाव आहे 'घराचे छप्पर'. मध्ये एक चौकोन, त्याभोवती मोठा चौकोन, त्याभोवती त्याहून मोठा.

तिथल्या मिझुरी पेटवे नावाच्या बाईचा नवरा वारला. १९४२ साली तिने त्याचे शेतात घालायचे कपडे जमवले आणि त्यांची गोधडी शिवली. ती अंगावर घेऊन त्याची आठवण जपायची, असे तिने आपल्या लेकीला सांगितले होते. मंडळी, गेलेल्या माणसाचे धोतर, लुगडे फेकवत नाही म्हणून ते गोधडीत घालणाऱ्या बाया तुमच्याही गावात असतील. दु:ख सगळीकडे एकाच दोऱ्याने शिवले जाते.

१९६६ साली त्या भागातल्या बायकांनी गोधड्या विकण्यासाठी सहकारी संस्था काढली. २००२ साली जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या मोठ्या संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कमध्ये भिंतीवर टांगल्या गेल्या, जशी मोठ्या चित्रकारांची चित्रे टांगतात तशा. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. पण नुसत्या कौतुकाने पोट भरत नाही. २००७ साली काही शिवणाऱ्या बायकांनी मोबदल्याबाबत कोर्टात दावे लावले. ते दावे पुढे मिटले. तरी प्रश्न राहतोच. वस्तूला किंमत आली, तर त्यातला किती भाग शिवणारीच्या हाती पडतो?

आमच्याकडची गोष्ट थोडी नंतरची. २००४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक हेन्री ड्रूअल यांच्या मदतीने सिद्दी बायकांनी कवंदी विकण्यासाठी आपला सहकारी गट उभा केला. २०११ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, काळ्या लोकांच्या इतिहासाचा संग्रह असलेल्या शॉम्बर्ग केंद्रात, कवंदींचे प्रदर्शन भरले. चारशे वर्षांपूर्वी दोन दिशांना फेकली गेलेली माणसे अशी गोधडीच्या निमित्ताने पुन्हा एका छपराखाली आली.

यावर एखादा चिकित्सक शिक्षक विचारील, की ही कला आफ्रिकेतूनच आली काय? तसे एकदम म्हणू नये. जुन्या कापडाची गोधडी महाराष्ट्रात आहे, कर्नाटकात आहे, बंगालात आहे. गरज माणसाला सारखीच युक्ती शिकवते. युक्ती सारखी असेल, पण रंगांची मांडणी, कोपऱ्यावरची फुला, तुकड्यांची चाल, ही ज्याची त्याची. तीच खरी सही.

जे घराचे, तेच अंगावरच्या कपड्याचे. याच अलाबामात जन्मलेली अ‍ॅन लो ही काळी स्त्री शिवण शिकली आपल्या आईकडून आणि आजीकडून. आजी गुलामगिरीत जन्मलेली. पुढे अ‍ॅनने न्यूयॉर्कमध्ये श्रीमंतांचे पोशाख शिवले. १९५३ साली जॉन केनेडी यांचे लग्न झाले. तेच पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले. नवरीचा पोशाख अ‍ॅन लो यांनी शिवला. लग्नाला दहा दिवस उरले असताना त्यांच्या कामाच्या जागेत पाणी शिरले आणि नवरीचा व करवल्यांचे बहुतेक पोशाख नासले. त्यांनी ओरड केली नाही. पदरचे पैसे घालून नवे कापड आणले, रात्रंदिवस बसून सगळे पुन्हा शिवले आणि तोटा सोसला. पोशाख पोचवायला गेल्या, तेव्हा मागच्या दाराने या, असे त्यांना सांगण्यात आले. पोशाख आत जातील तर माझ्यासकट पुढच्या दारानेच, नाहीतर परत नेते, असे त्यांनी बजावले, अशी हकीगत सांगतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी पोशाखाचे भरभरून वर्णन केले, पण शिवणारीचे नाव बहुतेकांनी छापले नाही. आज तो पोशाख बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयात जपलेला आहे, आणि नावही सर्वांना ठाऊक आहे. त्याला मात्र फार वर्षे लागली.

इतरांच्या गोष्टी सांगितल्या, आता माझी सांगतो. ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही. १९९८ साली मी शिकायला नागपूरला गेलो. निघताना मायने गोधडी बांधून दिली. "ने रे बाबा, थंडीत कामी येते," म्हणाली. तिच्यात बाबांचे धोतर होते, तिचे हिरवे लुगडे होते, माझा शाळेतला निळा सदरा होता. मधोमध लाल कापडाचा एक चौकोन होता. वसतिगृहात मला तिची लाज वाटली. पहिल्या पैशातून मी चौकटीची चादर घेतली आणि गोधडी खाटेखाली सारली. पुढे ती मोटारसायकल पुसायला गेली. मी प्राध्यापक झालो, त्यानंतर कित्येक वर्षांनी कवंदीची छायाचित्रे एका पुस्तकात पाहिली, आणि मला तो लाल चौकोन आठवला. तो मध्येच का ठेवला, हे मायला विचारायचे होते. तोवर माय गेली होती. त्या चौकोनाचे कारण आता जगात कोणालाच माहीत नाही.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. एखाद्या शनिवारी मुलांना घरची गोधडी शाळेत आणायला सांगा. आणता येत नसेल, तर तिचे चित्र काढायला सांगा. तुकडे मोजा. कोणता तुकडा कोणाच्या कपड्याचा, कोणत्या साली शिवली, कोणता रंग कुठे आणि का ठेवला, हे मुलांनी घरी विचारून लिहावे. आणि वहीत सगळ्यांत वर शिवणारीचे पूर्ण नाव लिहावे. 'रामूची आजी' असे नाही, तिचे स्वतःचे नाव. गणित होईल, इतिहास होईल, भाषाही होईल.

आणि गावातल्या मंडळींना एवढेच सांगणे. गोधडी शिवून घ्याल, तर दोऱ्याचे पैसे देऊन भागवू नका. तिच्या दिवसांचे पैसे द्या. ज्यांच्या घरी शिवणारी अजून आहे, त्यांनी आज संध्याकाळी तिच्याजवळ बसावे. गोधडी मांडीवर घ्यावी, एका तुकड्यावर बोट ठेवावे आणि विचारावे, हा इथे का लावला?