पोऱ्या कुठं आहे, एवढं तरी सांगा!

आमच्या नामपूरला कांद्याचे लिलाव जोरात असले की घरात माणसांपेक्षा फोनच जास्त बोलतात. पण चार वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, आमच्या घरातला एक फोन अकरा दिवस मुका होता. थोरल्या जाऊबाईंचा मुलगा आखाती देशात ड्रायव्हर म्हणून गेलेला. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याचा न चुकता फोन यायचा. त्या शुक्रवारी आला नाही. पुढच्याही नाही.

ज्या एजंटाने पाठवलं होतं, तो आधी ‘बघतो’ म्हणाला आणि नंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं. जाऊबाई देवापुढे बसून राहिल्या. कुणी घरी आलं की त्यांचं एकच, ‘‘मना पोऱ्या कोठे शे, इतलंच सांगा माले.’’

बाराव्या दिवशी त्याच्या खोलीतला मालेगावचा सोबती बोलला. गाडीला अपघात झाला होता आणि पोलीस पुतण्याला घेऊन गेले होते. जाऊबाईंनी रेशनकार्डाच्या पिशवीत त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स जपून ठेवली होती, ती कामी आली. माझ्या मुलीने ती जोडून तिथल्या भारतीय वकिलातीला ई-मेल केला. वकिलातीतला माणूस कोठडीत जाऊन त्याला भेटला, दुभाष्या मिळाला. न वाचता येणाऱ्या अरबी कागदावर पोराने केव्हाच सही करून टाकली होती! भरपाईचं प्रकरण मिटायला दोन महिने लागले.

घरी आल्यावर तो म्हणाला, ‘‘काकू, ‘माझ्या वकिलातीला कळवा’ असं पोलिसांना म्हणता येतं, हेच मला माहीत नव्हतं.’’

खरं सांगू, मलाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, पण हे कुठल्या धड्यात आलं नव्हतं. मग मी शोधायला बसले.

1963 साली व्हिएन्ना इथे देशादेशांत एक करार झाला. त्याचं 36 वं कलम आपल्या पोराबाळांसाठी आहे. परक्या देशाच्या माणसाला अटक केली, तर ‘तुझ्या वकिलातीला कळवायचं का?’ हे पोलिसांनी विनाविलंब त्याला सांगायचं. तो ‘हो’ म्हणाला तर कळवायचं. वकिलातीच्या अधिकाऱ्याला त्याला भेटता येतं, पत्र देता येतं, वकिलाची सोय करता येते. वकिलात त्याला सोडवू शकत नाही, गुन्हा माफ करू शकत नाही. पण माणूस कुठे आहे, हे घरी कळतं. आईला आणखी काय हवं असतं?

या एका कलमासाठी भारत आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला, तेही एका मराठी माणसासाठी. नौदलाचे माजी अधिकारी कुलभूषण जाधव यांना 3 मार्च 2016 रोजी पकडल्याचं पाकिस्तानने म्हटलं, पण भारताला कळवलं ते 25 मार्चला. वकिलातीच्या अधिकाऱ्याला भेटू द्या, ही मागणी भारताने पुनःपुन्हा केली. भेट नाहीच, उलट एप्रिल 2017 मध्ये लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. भारताची बाजू मांडायला हरीश साळवे उभे राहिले ते एक रुपया मानधनावर. 17 जुलै 2019 रोजी पंधरा विरुद्ध एक अशा मतांनी निकाल लागला. पाकिस्तानने 36 वं कलम मोडलं, तीन आठवड्यांनी कळवणं म्हणजे ‘विनाविलंब’ नव्हे, शिक्षेचा फेरविचार करा, असं न्यायालयाने बजावलं. सुटकेचा आदेश मात्र दिला नाही.

या सगळ्यात माझ्या मनातून जात नाही ती 25 डिसेंबर 2017 ची भेट. जाधवांची आई आणि पत्नी इस्लामाबादला गेल्या. मध्ये काच. आत जाण्यापूर्वी मंगळसूत्र, बांगड्या, टिकली उतरवायला लावली, कपडे बदलायला लावले. आणि आईला लेकाशी मराठीत बोलू दिलं नाही! दुसऱ्याच दिवशी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने हे जाहीरपणे सांगितलं. एवढ्या दिवसांनी समोर दिसलेल्या लेकाशी आईने मराठी सोडून कुठल्या भाषेत बोलावं?

आता दुसरी बाजू. 12 डिसेंबर 2013 रोजी न्यूयॉर्कमध्ये आपल्या देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. त्या तिथल्या भारताच्या उपमहावाणिज्यदूत. मुलींना शाळेत सोडून निघालेल्या बाईला ताब्यात घेतलं आणि कपडे उतरवून झडती घेतली. देश संतापला. दिल्लीतल्या अमेरिकी वकिलातीसमोरचे सुरक्षा कठडे आपण हटवले. वाणिज्य दूतावासातल्या अधिकाऱ्याला मिळणारं संरक्षण फक्त कामापुरतं असतं, असं अमेरिकेचं म्हणणं होतं. पुढे त्यांची संयुक्त राष्ट्रांतल्या आपल्या कार्यालयात बदली झाली, पूर्ण संरक्षण मिळालं आणि जानेवारी 2014 मध्ये त्या परतल्या.

त्या वेळी मीही चिडले होते. पण खटला होता तो त्यांच्या घरी काम करणाऱ्या बाईच्या पगाराचा. व्हिसाच्या कागदावर एक पगार आणि हातात पडायचा त्याहून फार कमी, असा आरोप होता. देवयानींनी तो नाकारला. खरं-खोटं न्यायालयात ठरलं नाही. मार्च 2014 मध्ये आरोपपत्र रद्द झालं ते राजनैतिक संरक्षणामुळे, आणि दोनच दिवसांत नवं दाखल झालं. झडतीची चीड योग्यच होती. पण मैत्रिणींनो, त्या दुसऱ्या बाईचं नाव आपल्यापैकी किती जणींना आठवतं?

सप्टेंबर 2015 मध्ये आपल्याच गुडगावात पोलिसांनी एका सौदी राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरातून दोन नेपाळी बायकांना सोडवलं. कोंडून ठेवल्याचे, बलात्काराचे गंभीर आरोप होते. अधिकाऱ्याने ते नाकारले. पण 1961 च्या व्हिएन्ना करारानुसार राजनैतिक अधिकाऱ्याला अटक करता येत नाही. पोलिसांचे हात बांधलेले राहिले आणि काही दिवसांत तो देश सोडून गेला. अशा वेळी त्याच्या देशाने स्वतःहून संरक्षण काढून घेतलं तरच खटला चालतो. नाहीतर यजमान देश फार तर ‘तुम्ही आम्हाला नकोत’ म्हणून परत पाठवू शकतो.

म्हणजे मोठ्या पदाच्या माणसाला कवच असतं. ड्रायव्हरला, नर्सला, घरकाम करणारीला असतं फक्त ते 36 वं कलम. तेही माहीत असेल तर!

माझी एक विद्यार्थिनी पोलिसात आहे. राखीला आली तेव्हा विचारलं, ‘‘काय गं, उद्या एखादी गोरी बाई तुमच्या ठाण्यात आणली तर?’’

हसून म्हणाली, ‘‘मॅडम, आधी पासपोर्ट बघायचा, साहेबांना कळवायचं, तिला वकिलातीचं सांगायचं. बाकी सगळं आपल्या बायकांसारखंच.’’

ते खरंच आहे. आपल्या राज्यघटनेचं 22 वं कलम नागरिकाबद्दल नाही, ‘व्यक्ती’बद्दल बोलतं. अटकेचं कारण सांगायचं, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. बाईची झडती बाईनेच, मर्यादा सांभाळून घ्यायची. अगदीच असाधारण कारण नसेल तर सूर्यास्तानंतर तिला अटक नाही. नातेवाइकाला किंवा ओळखीच्याला कळवायचं. हे नियम परदेशी बाईलाही तसेच लागू. आपण इथे हे नीट पाळलं, तरच आपल्या लेकरांसाठी तिकडे मागताना तोंड राहतं.

तेव्हा घरातलं कुणी परदेशी निघालं असेल, तर लोणच्याच्या बरणीआधी एवढं करा. पासपोर्ट, व्हिसा आणि नोकरीच्या कराराची झेरॉक्स घरी ठेवा. तिथल्या भारतीय वकिलातीचा नंबर मुलाकडूनच पाठ म्हणून घ्या. न वाचता येणाऱ्या कागदावर सही करायची नाही, दुभाष्या मागायचा, हे बजावा. परराष्ट्र मंत्रालयाने 2015 मध्ये ‘मदद’ नावाचं संकेतस्थळ सुरू केलं, तिथे घरूनही तक्रार नोंदवता येते.

गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतला एक मुलगा परदेशी निघाला. पाया पडायला आला, तेव्हा जाऊबाईंनी त्याच्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘नंबर पाठ शे ना? म्हण बरं.’’

पोराने दोनदा चुकत म्हटला. तिसऱ्यांदा बरोबर आला, तेव्हाच त्यांनी त्याला उठू दिलं.